‘होल नाइन यार्ड्स’ खरंच नऊवारीवरून आलं का? इंग्रजी वाक्प्रचारांचा उगम आणि अर्थ तपासताना

प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकन टीमबरोबर काम करताना ‘थ्रो समवन अंडर द बस’, ‘स्पिल द टी’, ‘गॅसलायटिंग’ हे शब्द रोज कानावर पडतात. डिक्शनरीतला अर्थ कळतो, पण कुठे वापरायचं आणि कुठे नाही ते कळत नाही. त्यात व्हॉट्सॲपवर मेसेज आला की ‘द होल नाइन यार्ड्स’ हा वाक्प्रचार आपल्या नऊवारी लुगड्यावरून आला आणि ‘पॉश’ हा शब्द मुंबईला येणाऱ्या बोटींवरून. यात खरं किती, आणि स्वतः तपासायचं तर कसं?

यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकले आहेत, ते आधी सोडवू. एखाद्या वाक्प्रचाराचा अर्थ म्हणजे आज लोक तो कसा वापरतात ते. उगम म्हणजे तो सर्वांत आधी कुठे, कधी, कोणत्या संदर्भात छापला गेला त्याचा पुरावा. उगम माहीत नसताना अर्थ नीट कळू शकतो. ‘नाकी नऊ आले’ म्हणताना नऊ नेमके काय आले, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? तरी वाक्य कुठे अडत नाही. त्यामुळे मीटिंगमध्ये समोरचा काय म्हणतोय एवढंच कळायला हवं असेल, तर उगमाच्या मागे लागण्याची गरज नाही. तुम्ही भाषांतर करत असाल, सबटायटल लिहीत असाल किंवा शिकवत असाल, तर मात्र उगम कामाचा असतो. शब्द कोणत्या समाजातून आला, त्यामागचं चित्र अजून जिवंत आहे की विझलंय, त्यात कुणाचा अपमान दडलाय का, हे त्यातून समजतं.

आता नऊवारी. ‘द होल नाइन यार्ड्स’ म्हणजे सगळंच्या सगळं, काही बाकी न ठेवता. नऊवारीला नऊ वार कापड लागतं आणि वार म्हणजे यार्ड, तेव्हा जोडणी फक्कड जमते. पण याच वाक्प्रचाराला अमेरिकेत इतक्याच फक्कड जमणाऱ्या अर्धा डझन कथा आहेत. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या मशीनगनला सत्तावीस फूट, म्हणजे नऊ यार्ड लांबीचा काडतुसांचा पट्टा असे आणि वैमानिक तो अख्खा संपवून येत, ही एक. काँक्रीटच्या ट्रकमध्ये नऊ घनयार्ड माल मावतो, ही दुसरी. उत्तम सूट शिवायला नऊ यार्ड कापड लागतं, ही तिसरी. सगळ्या एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. म्हणून कुठली कथा जास्त पटते हे न बघता छापील पुरावा कोणत्या सालाचा आहे ते बघायचं.

बराच काळ सर्वांत जुना पुरावा 1960च्या दशकातला होता, त्यामुळे महायुद्धाची कथा निदान शक्य तरी वाटे. नंतर जुनी वर्तमानपत्रं स्कॅन होऊन शोधण्याजोगी झाली आणि बॉनी टेलर-ब्लेक व फ्रेड शपिरो या शोधकांच्या कामातून चित्र पालटलं. इंडियाना राज्यातल्या मिचेल गावच्या ‘मिचेल कमर्शियल’ या छोट्या पत्रात 1907 साली बेसबॉलच्या सामन्याबद्दल ‘फुल नाइन यार्ड्स’ सापडलं. त्याच पत्रात 1908 साली रॉस्को नावाच्या माणसाची गंमत आहे: तो मासे पकडून आलाय, त्याच्याकडे सांगायला मोठी कहाणी आहे, आम्ही काही ती ऐकत उभे राहणार नाही, पण कुणीतरी गरीब बिचारा त्याच्या तावडीत सापडेल आणि मग तो त्याला ‘होल नाइन यार्ड्स’ ऐकवेल. इथे ना बंदूक आहे ना ट्रक. लांबण लावून सांगितलेली गोष्ट आहे, आपण ‘पाल्हाळ’ म्हणतो ते. रेडीमिक्स काँक्रीटचे ट्रक तेव्हा नव्हते, आणि दुसरं महायुद्ध सुरू व्हायला अजून तीस वर्षं होती.

खरा घाव पुढे आहे. 1912 साली केंटकीतल्या ‘माउंट व्हर्नन सिग्नल’ या पत्रात ‘द होल सिक्स यार्ड्स’ असं छापलेलं आहे. 1921 साली साउथ कॅरोलायनातल्या स्पार्टनबर्गच्या पत्राच्या मथळ्यातही सहाच यार्ड. अर्थ मात्र तोच, सगळं काही. म्हणजे सुरुवातीच्या काळात आकडा सहा की नऊ हेच ठरलेलं नव्हतं. आणि आकडा जर बदलता असेल, तर तो कुठल्याही खऱ्या वस्तूचं माप असू शकत नाही. पट्ट्याची लांबी, ट्रकचा माल, लुगड्याचे वार या सगळ्या कथा एका दमात निकालात निघतात. (सहावारीही असते आणि नऊवारीही, असं म्हणून कुणी पुन्हा वाद घालेल. घालू दे. पण केंटकी-इंडियानाच्या खेड्यातला बातमीदार साडीची चर्चा करत होता याचा एक तरी कागद दाखवा म्हणावं.)

आकड्यांची ही खोड इंग्रजीत जुनी आहे. ‘ऑन क्लाउड नाइन’ म्हणजे आनंदाने तरंगत असणं. हवामानखात्याच्या वर्गीकरणात नववा ढग सर्वांत उंच म्हणून हा शब्द, असं ठामपणे सांगितलं जातं. पण विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या छापील मजकुरात ‘क्लाउड सेव्हन’ आणि ‘क्लाउड एट’ही तितक्याच आनंदाने तरंगताना दिसतात. तेव्हा पहिला नियम हा: वाक्प्रचारात आकडा असेल तर आधी दुसरे आकडे घालून शोधा.

‘पॉश’ची कथा तुम्हाला मिळाली ती अशी असणार. इंग्लंडहून हिंदुस्थानात येताना श्रीमंत प्रवासी बोटीच्या डाव्या बाजूची केबिन घेत आणि परतताना उजव्या बाजूची, म्हणजे दोन्ही वेळा उत्तरेकडची, सावलीची बाजू. ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’. या चार शब्दांची आद्याक्षरं पी अँड ओ ही जहाज कंपनी तिकिटावर छापत असे, त्यातून ‘पॉश’. भूगोल बरोबर आहे. पूर्वेकडे तोंड केलं की उत्तर डाव्या हाताला येते, त्यामुळे ऐकणारा मान डोलावतो. पण असा शिक्का असलेलं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही. शिवाय तारखांचा मेळ बसत नाही. ‘पॉश’ हा शब्द ऐटबाज, झकपक या अर्थाने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास छापलेला मिळतो, आणि बोटीची कथा मात्र 1930च्या दशकात पहिल्यांदा पुढे येते. शब्द आधी आणि त्याची ‘जन्मकथा’ वीस वर्षांनी, असं दिसलं की समजावं, नातं नंतर जोडलंय. आपल्याकडे यालाच बादरायण संबंध म्हणतात. ‘पॉश’ हा शब्द एकोणिसाव्या शतकातल्या लंडनच्या बोलीत पैसे आणि छानछोकी करणारा माणूस या अर्थांनी होता. आजचा अर्थ त्यातूनच आला असं मानायला जागा आहे, पण बडे कोश तेवढंही ठामपणे सांगत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

आद्याक्षरांवरून शब्द बनल्याच्या कथांबद्दल माझा सरसकट सल्ला: शब्द विसाव्या शतकाच्या आधीचा असेल तर ती कथा खोटी धरून चाला आणि पुरावा मिळाला तरच मत बदला. आद्याक्षरांचा शब्द करून तो बोलण्यात रुळवण्याची सवय महायुद्धांच्या काळात लष्करातून आणि सरकारी खात्यांतून फोफावली, त्याआधी ती फार क्वचित होती. ‘गोल्फ’ म्हणजे ‘जंटलमेन ओन्ली, लेडीज फॉरबिडन’ नव्हे. स्कॉटलंडच्या संसदेने 1457 साली या खेळावर बंदी घातली तेव्हाच्या कायद्यात शब्द आहे. ‘टिप’ म्हणजे तत्पर सेवेची हमी देणारी आद्याक्षरं नव्हेत. सतराव्या शतकात चोरांच्या भाषेत ‘टिप’ म्हणजे देणं, हातात सरकवणं असा अर्थ होता. ‘न्यूज’ म्हणजे चार दिशा ही तर शुद्ध लोणकढी आहे.

याला एक झकास अपवाद आहे, ‘ओके’. 1830च्या दशकाच्या शेवटी बॉस्टनच्या वर्तमानपत्रांत मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करून त्याची आद्याक्षरं लिहायची टूम निघाली होती. ‘ऑल राइट’चं ‘ओल राइट’ (oll wright) करून ‘ओ. डब्ल्यू.’ लिहायचं, ‘नो यूज’चं (know yuse) ‘के. वाय.’ करायचं. आजची पोरं मेसेजमध्ये करतात त्याचीच जुनी आवृत्ती. 23 मार्च 1839च्या ‘बॉस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये ‘ऑल करेक्ट’चं ‘ओल कोरेक्ट’ (oll korrect) करून ‘ओ. के.’ छापलं गेलं. बाकीची भावंडं वर्षा-दोन वर्षांत मेली. ‘ओके’ जगलं, कारण 1840च्या अध्यक्षीय निवडणुकीत मार्टिन व्हॅन ब्युरेन उभे होते, त्यांचं गाव किंडरहुक, म्हणून ते ‘ओल्ड किंडरहुक’, आणि त्यांच्या समर्थकांनी ‘ओ. के. क्लब’ काढले. ॲलन वॉकर रीड या भाषाभ्यासकाने 1963-64 मध्ये जुने अंक चाळून हे सगळं तारीखवार मांडलं. फरक लक्षात घ्या: इथे आद्याक्षरांची कथा खरी आहे, पण ती तर्कावर उभी नाही, तारीख असलेल्या कागदांवर उभी आहे.

आपल्या मातीशी जोडलेल्या कथांना आपण जास्त सवलत देतो, हे मान्य करायला हवं. अशी सवलत विद्वानांनीही दिली आहे. ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा हिंदुस्थानी-इंग्रजी शब्दांचा 1886चा प्रसिद्ध कोश. त्यात ‘आय डोन्ट गिव्ह अ डॅम’ मधला ‘डॅम’ म्हणजे आपलं ‘दाम’ हे तांब्याचं नाणं असावं असं सुचवलं आहे. अकबराच्या काळी चाळीस दामांचा एक रुपया होई, तेव्हा ‘मी तुला फुटकी कवडी देत नाही’च्या चालीवर हे छानच बसतं. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या पहिल्या आवृत्तीने त्यावर शेरा मारला की कल्पना चतुर आहे, पण तिला वस्तुस्थितीचा आधार नाही. इंग्रजीत ‘आय डोन्ट केअर अ कर्स’ हे त्याच साच्यातलं वाक्य आहेच. तिथेही शिवी, इथेही शिवी. नाणं आणायची गरजच नाही.

मग आपल्याकडून गेलेलं खरं काहीच नाही का? आहे की, आणि ते नऊवारीपेक्षा भन्नाट आहे. ब्रिटिश इंग्रजीत ‘ही हॅज गॉन डूलॅली’ म्हणजे त्याचं डोकं फिरलंय. हे ‘डूलॅली’ म्हणजे नाशिकजवळची आपली देवळाली. एकोणिसाव्या शतकात तिथे ब्रिटिश फौजेची मोठी छावणी होती. नोकरीची मुदत संपलेले शिपाई मुंबईहून बोट मिळेपर्यंत तिथे राहत. सैन्य नेणाऱ्या बोटी थंडीच्या महिन्यांतच सुटत. ज्याची मुदत शेवटची बोट सुटल्यावर संपली, त्याला पुढचा हंगाम येईपर्यंत महिनोन्महिने देवळालीत नुसतं बसून काढावे लागत. काम नाही, ऊन, दारू, आजारपण. यातून जो भ्रमिष्टासारखा वागू लागे त्याला सोबती म्हणत ‘डूलॅली टॅप’. यातलं ‘टॅप’ म्हणजे नळ नव्हे, टपलीही नव्हे. तो आपला ‘ताप’. पुढे ताप गळून पडला आणि नुसती देवळाली उरली. फ्रँक रिचर्ड्स या हिंदुस्थानात चाकरी केलेल्या शिपायाने 1936च्या आपल्या आठवणींत हे वर्णन केलं आहे.

ही कथा नऊवारीच्या कथेपेक्षा वेगळी का ठरते? तीही ऐकायला तितकीच रंगतदार आहे. फरक एवढाच की इथे शब्द वापरणारी माणसं, जागा आणि काळ तिन्ही एकाच ठिकाणी भेटतात. शिपाई देवळालीत होते, शब्द शिपायांच्याच भाषेत आधी आढळतो, आणि सुरुवातीच्या रूपात ‘टॅप’ शिल्लक आहे, जो हिंदुस्थानी भाषांशिवाय उलगडत नाही. नऊवारीच्या बाबतीत यातलं एकही जुळत नाही. याच मार्गाने गेलेले ‘डेको’ म्हणजे नजर टाकणं, आपलं ‘देखो’; ‘पक्का’ तर सरळच आहे; आणि ‘ब्लायटी’ म्हणजे मायदेश, तो ‘विलायती’चा अपभ्रंश. हे पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत ब्रिटिश सैनिकांच्या तोंडी सर्रास होते.

तर इथवरचं गाठोडं: आकडा बदलून बघा, आद्याक्षरांवर विश्वास ठेवू नका, शब्दाची तारीख आणि कथेची तारीख वेगवेगळी शोधा, आणि शब्द वापरणारे लोक त्या जागी खरंच होते का ते पाहा.

आता स्वतः शोधायचं कसं. स्लँगसाठी सर्वांत आधी जोनाथन ग्रीन यांचा ‘ग्रीन्स डिक्शनरी ऑफ स्लँग’ उघडा. तो 2010 मध्ये तीन जाड खंडांत आला, आता ऑनलाइन पाहता येतो. त्यात प्रत्येक अर्थाखाली सालवार उतारे असतात, तेच आपल्याला हवे. ऑक्सफर्डचा मोठा कोश वर्गणीचा आहे, पण बऱ्याच विद्यापीठांच्या ग्रंथालयांत मिळतो. त्यानंतर गूगल बुक्स. वाक्प्रचार अवतरणचिन्हांत टाका, ‘टूल्स’मध्ये जाऊन कालमर्यादा घाला आणि मागे मागे सरकत जा. अमेरिकन वर्तमानपत्रांसाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसचं ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ हे जुन्या अंकांचं संकेतस्थळ फुकट आहे.

इथे तीन ठिकाणी ठेच लागते. पहिली ठेच सालाची. गूगल बुक्समध्ये एखादं मासिक 1950 साली सुरू झालं असेल तर त्याचे पुढचे सगळे अंक 1950चेच म्हणून दाखवले जाऊ शकतात. उपाय सोपा आहे: त्याच खंडाच्या आत ‘1987’, ‘2004’ असे आकडे शोधा. 1950च्या अंकात 2004 सापडलं तर साल खोटं. पानाचं चित्र दिसत असेल तर वरचा मथळा, आजूबाजूच्या जाहिराती, किमती बघा. जाहिरात खोटं बोलत नाही.

दुसरी ठेच अर्थाची. ‘बकेट लिस्ट’ घ्या. मरण्याआधी करायच्या गोष्टींची यादी. शब्द इतका रुळलाय की तो शंभर वर्षांचा वाटतो, कारण ‘किक द बकेट’ म्हणजे मरणं हे खरंच जुनं आहे, फ्रान्सिस ग्रोसच्या 1785च्या कोशात आहे. पण ‘बकेट लिस्ट’ पसरलं ते 2007 सालच्या त्याच नावाच्या हॉलिवूडपटामुळे. शोधलं तर 1980च्याही आधीची उदाहरणं दिसतील, आणि माणूस खूश होतो. उघडून बघावं तर ती संगणकशास्त्राची पुस्तकं निघतात. तिथे ‘बकेट’ म्हणजे माहिती साठवायचा कप्पा. म्हणून सापडलेलं प्रत्येक उदाहरण मागचं-पुढचं वाक्य धरून वाचायचं. वाक्य दिसत नसेल तर ते उदाहरण मोजायचं नाही.

तिसरी ठेच रूपांची. ‘थ्रो अंडर द बस’ एवढंच शोधलं तर जुनं काही निसटतं, कारण सुरुवातीला क्रियापद ठरलेलं नसतं. ‘थ्रू’, ‘थ्रोन’, ‘पुश्ड’, ‘टॉस्ड’, आणि मध्ये ‘हर’, ‘हिम’, ‘देम’ असं सगळं घालून बघावं लागतं. 1982च्या जूनमध्ये फॉकलंडचं युद्ध संपल्यावर ज्युलियन क्रिचली या हुजूर पक्षाच्या खासदाराने लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये मार्गारेट थॅचर यांच्याबद्दल लिहिलं, तिथे क्रियापद ‘पुश्ड’ आहे: अर्जेंटिनाचे अध्यक्ष गाल्तिएरी यांनी त्यांना बसखाली ढकललं होतं, आणि त्या पदावरून हटतील तर बसखाली येऊनच, असं आधी कुजबुजणारे म्हणत. पण अर्थ नीट बघा. इथे ढकलणारा शत्रू आहे. आजच्या वापरात ढकलणारा आपलाच असतो. त्यामुळे हे उदाहरण शब्दांनी जवळचं असलं तरी आजच्या अर्थाचा थेट बाप म्हणून मी ते देत नाही. आजचा अर्थ अमेरिकन राजकारणात पक्का झाला आणि 2008च्या निवडणुकीत तर त्याचा अतिरेक झाला.

आता तुमच्या तीन शब्दांच्या अर्थाकडे. ‘थ्रो अंडर द बस’साठी भाषांतरात ‘विश्वासघात केला’ लिहिलं जातं, ते सैल आहे. यात तीन गोष्टी लागतात: समोरचा आपल्या बाजूचा होता, आपल्यावर संकट आलं, आणि ते टाळायला आपण त्याला पुढे केलं. मराठीत ‘बळीचा बकरा करणं’ सर्वांत जवळचं. ‘तोंडघशी पाडणं’ चालतं, पण त्यात स्वतःला वाचवण्याचा हेतू येत नाही. बोलताना हा शब्द हलका वाटतो, अमेरिकन सहकारी हसत हसतही म्हणतात. लेखी मेलमध्ये मात्र तो उघड आरोप होतो. तिथे सरळ लिहावं: हा निर्णय आपण दोघांनी घेतला होता, क्लायंटला सांगताना फक्त माझं नाव गेलं.

‘स्पिल द टी’ म्हणजे आतली बातमी सांग, काय ते सगळं ओक. यातला ‘टी’ चहा नव्हे, मुळात इंग्रजी अक्षर ‘टी’, ‘ट्रुथ’चं. कृष्णवर्णीय अमेरिकन ड्रॅग कलाकारांच्या, म्हणजे स्त्रीवेशात कार्यक्रम करणाऱ्यांच्या, बोलीतून तो आला. सव्हाना शहरातल्या लेडी शाब्ली या कलावतीच्या तोंडी ‘माय टी’ म्हणजे माझी खासगी गोष्ट, असा वापर 1994 साली छापून आलेला आहे. नंतर लिहिताना अक्षराचा चहा झाला आणि चहा म्हटल्यावर सांडणं आलंच. मराठीत ‘बित्तंबातमी दे’ बसतं. काही जण ‘चहाडी’ वापरतात, कारण चहा आत दडलेला दिसतो. मोह आवरा. चहाडीत कुणाचं तरी नुकसान करायचा हेतू असतो, ‘टी’मध्ये तो असेलच असं नाही. आणि अशाच जोडीतून उद्या ‘चहाडी हा शब्द चहावरून आला’ असा मेसेज फिरायला लागेल.

‘गॅसलायटिंग’वर थोडं थांबायला हवं, कारण हा सगळ्यात चुकीचा वापरला जातो. मूळ पॅट्रिक हॅमिल्टन यांचं 1938चं नाटक ‘गॅस लाइट’; 1944च्या हॉलिवूडपटामुळे ते घरोघरी पोचलं. नवरा चोरून वरच्या मजल्यावर दागिने शोधायला जातो. तिथे त्याने गॅसचा दिवा लावला की घरातला दाब कमी होऊन खाली बायकोच्या खोलीतला दिवा मंद होतो. ती विचारते, दिवा मंद का झाला? तो शांतपणे म्हणतो, कुठे झाला, तुला भास होतात. असं वारंवार. शेवटी तिला स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास उरत नाही. म्हणजे नुसतं खोटं बोलणं हे गॅसलायटिंग नव्हे, मतभेद तर नाहीच. समोरच्याचा स्वतःच्या समजावरचा भरवसाच ढासळावा, असं पुनःपुन्हा वागणं म्हणजे गॅसलायटिंग. ‘डोळ्यांत धूळ फेकणं’ इथे चालत नाही. ‘वेड्यात काढणं’ मात्र शब्दशः घेतलं तर अचूक आहे. अडचण एवढीच की आपण ते किरकोळ थट्टेलाही वापरतो. म्हणून भाषांतरात मी ‘गॅसलायटिंग’ तसंच ठेवून पहिल्या वेळी एका वाक्यात उलगडावं असं सुचवेन. मेरियम-वेब्स्टरने 2022 साली हा वर्षाचा शब्द ठरवला, त्यामुळे तो सैल होत जाणार हे नक्की. मॅनेजरने तुमचं म्हणणं खोडलं तर त्याला ‘गॅसलायटर’ म्हणू नका. तो मानसिक छळाचा आरोप आहे आणि एचआरपर्यंत जाऊ शकतो.

तुम्ही विचारलं नाही, पण अमेरिकन टीमबरोबर खरा घोळ वाक्प्रचारांपेक्षा साध्या शब्दांनी होतो. ‘लेट्स टेबल धिस’ हे त्यातलं पहिलं. ब्रिटिश आणि भारतीय इंग्रजीत ‘टेबल’ म्हणजे विषय चर्चेला मांडणं. आपल्या विधिमंडळात कागदपत्रं ‘सभागृहाच्या पटलावर’ ठेवतात ते हेच. अमेरिकेत नेमकं उलट: विषय बाजूला ठेवा, आत्ता नको. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन अधिकाऱ्यांची याच शब्दावरून चांगली जुंपली होती, असं चर्चिल यांनी नोंदवलं आहे. दोघांनाही एकच हवं होतं, हे नंतर कळलं. मिनिट्स लिहिताना ‘टेबल’ टाळा. ‘आज चर्चा करू’ किंवा ‘पुढच्या बैठकीत घेऊ’ अशा अर्थाचं साधं इंग्रजी लिहा.

अगदी ताज्या स्लँगसाठी वरची अवजारं उशिरा जागी होतात. तिथे 1999 पासून चालू असलेली ‘अर्बन डिक्शनरी’ कामी येते, पण अर्थासाठीच. तिथे कुणीही काहीही लिहू शकतो, त्यामुळे उगमासाठी ती बघूच नका. वापरायची रीत: एकाच शब्दाच्या पाच-सहा नोंदी वाचा, प्रत्येकीची तारीख बघा, ज्या अर्थावर एकाहून जास्त जण एकमत आहेत तो धरा आणि उरलेला वात्रटपणा सोडून द्या. मग यूट्यूबच्या व्हिडिओंतून शब्द शोधून देणाऱ्या ‘यूग्लिश’ या संकेतस्थळावर तो टाकून लोक प्रत्यक्ष बोलताना ऐका. वीसेक क्लिपा ऐकल्या की बोलणाऱ्यांचं वय आणि सूर कळतो, जो कुठल्याच कोशात नसतो.

उदाहरणार्थ ‘रिझ’, म्हणजे समोरच्यावर छाप पाडून त्याला आपलंसं करण्याची हातोटी. ऑक्सफर्डचा 2023चा वर्षाचा शब्द. ‘कॅरिझ्मा’च्या मधला तुकडा उचलून तो झाला असं मानलं जातं, आणि ही रीत इंग्रजीला नवी नाही: ‘इन्फ्लुएंझा’तून फ्लू आणि ‘रेफ्रिजरेटर’मधून फ्रिज असेच निघाले. कळायला सोपा, पण चाळिशीच्या माणसाने मीटिंगमध्ये वापरला तर लोक शब्दाकडे नाही, त्याच्याकडे बघतील.

आणि घरात कुणी शाळकरी पोर हात तराजूसारखे वरखाली करत ‘सिक्स सेव्हन’ म्हणत असेल, तर त्याचा अर्थ शोधायला बसू नका. डिक्शनरी डॉट कॉमने 2025चा शब्द म्हणून हाच निवडला. उगम सापडतो, स्क्रिला या रॅपरच्या गाण्यात. अर्थ मात्र कुणी विचारला की पोरं आणखी जोरात हसतात. सबटायटलमध्ये आला तर तो ‘सिक्स सेव्हन’ असाच ठेवावा. ‘सहा-सात’ केलं की प्रेक्षक सहा-सात काय, ते मोजत बसतो.